उणे पॉइंट चाळीस

जमिनीच्या पोटातलं पाणी मोजायला सरकारनं पगारी माणसं ठेवली आहेत, ही गोष्ट परभणी जिल्ह्यात निम्म्या लोकांना ठाऊक नाही आणि उरलेल्या निम्म्यांना खरी वाटत नाही. चंद्रभान मात्र त्या कामावर तीस वर्षं होता. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर, असं वर्षातून चारदा ठरलेल्या विहिरींवर जायचं. कठड्यावर पांढऱ्या रंगाची खूण असते, तिथं उभं राहून टेपच्या टोकाचा पितळी टोपा आत सोडायचा. टोपा पाण्याला लागला की 'टप्' असा आवाज येतो. त्या आवाजाशी टेप चिमटीत धरायची, आकडा वाचायचा, कठड्याची उंची मनातल्या मनात वजा करायची आणि जमिनीपासून पाणी किती खोल ते मोठ्यानं हाक मारून सांगायचं. चार पावलांवर वही घेऊन उभे असलेले साहेब तो आकडा परत म्हणतात आणि मग लिहितात. हाकेशिवाय लिहायचं नाही आणि परत म्हटल्याशिवाय टेप ओढायची नाही, असा त्या दप्तरातला रिवाज. कुणी घालून दिला ते आता कुणालाच आठवत नाही, पण साहेब बदलले तरी तो बदलला नव्हता.

चंद्रभानचा कान या कामात असा तयार झाला होता की बायकोनं शेजारच्या खोलीत घागर भरायला लावली तर ती किती बोटं रिकामी आहे ते तो पडल्या पडल्या सांगायचा. सासुरवाडीच्या हौदावर त्यानं एकदा खडा टाकून पाणी सांगितलं, तेव्हा सासऱ्यांनी काठी घालून बघितली आणि काठीच चुकली, असं त्याचे मेहुणे अजून शपथेवर सांगतात. मेहुणे जरा वाढवून बोलतात. पण एक खरं, की तीस वर्षांत चंद्रभानची एकही खेप चुकली नव्हती. वहीत त्याच्या नावापुढे एकही रकाना कोरा नव्हता.

कोरा नव्हता, कारण एक त्यानं भरला होता.

झालं असं. दोन वर्षांमागच्या ऑक्टोबरात अनंतराव साहेबांना ऐन वेळी बैठक निघाली. गुडघ्यांनी थकलेला, निवृत्तीला टेकलेला साधा माणूस. ते म्हणाले, चंद्रभान, तूच जा, तूच लिही आणि तूच सही कर, तुझ्यावर माझा माझ्यापेक्षा जास्त भरवसा आहे. चंद्रभान आणि ड्रायव्हर महारुद्र असे दोघंच निघाले. जिंतूर भागातल्या सगळ्या विहिरी झाल्या, राहिली शेवटची एक्केचाळीस नंबरची. येलदरीच्या रस्त्यानं जाताना उजवीकडे फुटून ओढा ओलांडला की पांगरवाडी. गाव साठ उंबऱ्यांचं आणि विहीर गावाच्या कडेला, काळ्या दगडात बांधलेली. त्या सकाळी ओढा असा भरून चालला होता की पलीकडच्या बाभळीचा फक्त शेंडा दिसत होता. महारुद्रनं गाडी वळवली आणि दोघं जिंतूरच्या स्टँडासमोरच्या हॉटेलात येऊन बसले.

बाहेर पाऊस कोसळत होता. चंद्रभाननं आपला निळा रेनकोट हॉटेलातल्या खुंटीला अडकवला, भजे सांगितले आणि वही मांडीवर घेतली. एक्केचाळीस नंबरचा रकाना त्याच्याकडे बघत होता. मागच्या ऑक्टोबरचा आकडा त्याला पाठ होता, शेजारच्या दोन विहिरी काय बोलल्या ते ताजं होतं, पाऊस डोळ्यांपुढे होता. त्यानं डोळे मिटून थोडा हिशेब केला. स्टँडावर येलदरीची सव्वाअकराची गाडी रद्द झाल्याचं कुणीतरी ओरडून सांगत होतं, त्याच वेळी त्यानं लिहिलं: चार पॉइंट पस्तीस. पुढे सही केली. रिवाज म्हणून तोंडातल्या तोंडात हाकही मारली, समोरच्या भज्यांना.

उठताना बघतो तर खुंटीवर रेनकोट नाही. हॉटेलवाल्याशी त्यानं हुज्जत घातली, चोराला दोन शिव्या दिल्या आणि गाडीत बसला. परतीच्या वाटेवरचं बोरी गाव मागं पडेपर्यंत तो रेनकोटाचंच दुःख करत होता. आकडा तो विसरूनही गेला होता.

पुढची खेप जानेवारीतली. पांगरवाडीच्या विहिरीवर ऊन चांगलं तापलेलं. टोपा खाली गेला, 'टप्' झालं, चंद्रभाननं हाक मारली, "सहा पॉइंट दहा." साहेबांनी परत म्हटलं, "सहा पॉइंट दहा." आणि मग खालून, पाण्यावरून, सावकाश आवाज आला, "सात पॉइंट नव्वद."

आवाज चंद्रभानचाच होता. विहिरीत आवाज घुमतो हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण घुमलेला आवाज आपलाच आकडा बदलून देतो, हे काही त्यानं ऐकलं नव्हतं. त्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेब गुडघा चोळत होते. त्यांना नुसतं घुमणं ऐकू आलं होतं.

मार्चमध्ये टेप सोडली तर सात पॉइंट नव्वद. सेंटिमीटरला सेंटिमीटर. खालून उत्तर आलं, "दहा पॉइंट पंचवीस." मे महिन्यात भरलं दहा पॉइंट पंचवीस, आणि उत्तर आलं, "दोन पॉइंट पंधरा." म्हणजे पाऊस बरा होणार होता, आणि झाला. चंद्रभानची छाती पहिल्यांदा धडधडली, दुसऱ्यांदा कमी, आणि तिसऱ्यांदा ती थोडी फुगली. माणसाचं असंच असतं. भीतीची सवय झाली की तिचा उपयोग सुचायला लागतो. पांगरवाडीचे आबासाहेब म्हणून मोठे बागायतदार होते, त्यांना त्यानं ऑक्टोबरातलं उत्तर ऐकून बांधावर उभं राहून सांगून टाकलं की यंदा हरभरा बिनघोर पेरा, हीर जानेवारीत पावणेचारच्या आसपास असंल. जानेवारीत तीन पॉइंट ऐंशी भरलं. आबासाहेबांनी त्याला पोतंभर हरभरा पाठवला आणि चार गावांत खबर गेली की परभणीच्या दप्तरात एक माणूस आहे, त्याला जमिनीच्या आतलं दिसतं. चंद्रभाननं नाही म्हटलं नाही. नुसती मान हलवायचा, तीसुद्धा अशी की हो आणि नाही दोन्ही त्यात मावावं.

असं दीड वर्ष गेलं. अनंतराव साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी राजेश्री मॅडम आल्या. पूर्णेच्या, रेल्वेतल्या माणसाची मुलगी. दगडाचं शास्त्र शिकलेली, वयानं चंद्रभानच्या मुलीएवढी. त्याला मामा म्हणायच्या आणि वही त्याच्याकडे कधी द्यायच्या नाहीत. भरवसा नव्हता म्हणून नव्हे. लिहिणं हे माझं काम आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. आल्या आल्या त्यांनी जुन्या वह्या उघडून बसल्या बसल्या वाचल्या आणि वरच्या दप्तराला कळवलं की तीस वर्षांत एकही रकाना कोरा न सोडणारा माणूस आपल्याकडे आहे, त्याचा सव्वीस जानेवारीला सन्मान व्हावा. चंद्रभानच्या बायकोनं बैठकीच्या खोलीत मधोमध एक खिळा ठोकला. फ्रेम यायची होती, खिळा आधी आला.

मग आली या मे महिन्याची खेप.

ऊन असं की कठड्याला हात लावला तर हात सोडवून घ्यावा लागे. टोपा खाली गेला. चंद्रभाननं हाक मारली, "आठ पॉइंट सत्तर." मॅडमनी परत म्हटलं, लिहिलं. आणि खालून आवाज आला. आजवर तो लांबून यायचा, आज कठड्याच्या आतल्या अंगाला कुणी तोंड लावून बोलावं तसा जवळून आला.

"उणे पॉइंट चाळीस."

उणे म्हणजे काय ते चंद्रभानला बरोबर कळलं. जमिनीच्या खाली असेल तर आकडा साधा. उणे म्हणजे पाणी जमिनीच्या वर. कठडा ऐंशी सेंटिमीटर उंच. त्याच्या निम्म्यात पाणी येऊन उभं राहणार. तीस वर्षांत त्यानं एकदाही उणे अशी हाक मारलेली नव्हती.

विहिरीसमोर सरजाबाईचं घर होतं. एकटी म्हातारी, दर खेपेला मोजणाऱ्यांना चहा आणून द्यायची. आजही तिनं मॅडमना दिला, महारुद्रला दिला, चंद्रभानला दिला आणि चौथा कप नेहमीसारखा कठड्यावर ठेवून दिला. तो कप चंद्रभान दीड वर्ष बघत होता. विहिरीच्या देवाला ठेवत असेल, असं धरून चालला होता. आज मॅडम गाडीकडे गेल्यावर त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, की मावशी, ह्यो कप कुणाचा?

"तुमचाच म्हना की," सरजाबाई म्हणाली. "त्या पावसात तुमी एकलेच आलता न्हाई का, निळा रेनकोट घालून. वढ्याला पूर, आन तुमी हिकडं. टेप सोडली, चार पॉइंट पस्तीस म्हून वरडलात. मी चहा घिऊन आले तर तुमी न्हाई. जाताना कुनी पायलं न्हाई. मी म्हनलं, गेला न्हाई म्हंजी हितंच असंल. तवापासून ठिवते."

चंद्रभाननं कठड्यावरचा कप निरखून बघितला. त्यानं बळंच हसून विचारलं, मग पितो का तो?

"कप रिकामा ऱ्हातोय खरा. मांजर पीत असंल. मी काय राखन बसत न्हाई." तिनं पदरानं घाम पुसला आणि विहिरीकडे न बघता म्हणाली, "पयले लय खोलातनं बोलायचा. आता वर वर यायलाय."

त्या रात्रीपासून चंद्रभानचं जेवण निम्म्यावर आलं. तो विचार करायचा तो भुताखेताचा नव्हे, सरकारी माणसासारखा पदाचा विचार करायचा. आपण गेलो नाही, पण माप कुणीतरी घेतलं. आपल्या रेनकोटात, आपल्या आवाजात. ज्यानं घेतलं तो परत गेलाच नाही, कारण वहीत जाऊन बसायची जी जागा ती आपल्या सहीनं अडली आहे. तो तिथं पाण्याबरोबर खालीवर होत बसला आहे आणि प्रत्येक खेपेचं माप आपल्या आधी घेऊन ठेवतो आहे. आणि ऑक्टोबरात पाणी कठड्यात आलं की त्याला बाहेर यायला एक पाय टाकायचा अवकाश. मग चंद्रभान दोन आणि जागा एक. सरकार त्यातला कुठला ठेवील? ज्याचं काम पुरं, तोच ना? आणि काम पुरं त्याचं होतं. हा विचार त्याला नेमका अंघोळीच्या वेळी यायचा, आणि तांब्या तसाच हातात राहायचा.

आजारपणाची रजा टाकावी असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण न जाण्यातूनच तर हे सगळं सुरू झालं होतं.

सप्टेंबर उतरणीला लागला, पावसानं झोडपून काढलं, तेव्हा एका दुपारी तो मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. दोन वर्षांमागची वही काढा म्हणाला. एक्केचाळीस नंबरचा तो आकडा आपण जागेवर जाऊन घेतलेला नाही, तो खोडा, हे त्यानं खाली बघून पण स्पष्ट सांगितलं. सन्मानाचं काय होईल ते त्याला ठाऊक होतं. घरच्या भिंतीवरचा खिळा त्याला त्या क्षणी दिसत होता.

मॅडम रागावल्या नाहीत, चकित झाल्या. त्यांनी कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला. त्या विहिरीत लोखंडी नळीत एक यंत्र सोडलेलं होतं, ते आपोआप दर पाच मिनिटांनी पाण्याची पातळी टिपतं. त्याची माहिती काढून बघायची आधी कुणाला सवड झाली नव्हती, मॅडमनी काढली होती. पडद्यावर एक निळी रेघ होती. त्या दिवशीच्या सकाळी रेघ चार पॉइंट पस्तीसवर होती.

"मामा, तुमचा आकडा सेंटिमीटरला बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आणि हे बघा, अकरा वीसला रेघ थरथरलेली आहे. टेपचा टोपा पाण्याला लागला की ती अशी थरथरते. प्रत्येक खेपेला थरथरली आहे. तुम्ही गेला होतात. काहीतरी गफलत होतीय तुमची."

अकरा वीसला चंद्रभानच्या तोंडात भजं होतं. त्यानं वाकून ती थरथर जवळून बघितली. खऱ्या आकड्याला खोटा म्हणून खोडता येत नाही, असं मॅडमनी त्याला समजावलं, पाठीवरून हात फिरवावा तशा स्वरात, आणि दोन दिवस आराम करायला सांगितलं.

ऑक्टोबरच्या खेपेला ते पांगरवाडीला पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. ओढा आदल्या दिवशीच उतरला होता. आकाश धुतल्यासारखं निळं, ऊन लख्ख, पावसाचं कुठं नाव नाही. महारुद्र गाडीत थांबला. चंद्रभान आणि मॅडम विहिरीकडे चालले आणि दहा पावलांवरूनच मॅडम थांबल्या.

कठड्यात पाणी उभं होतं. जमिनीपासून हातभर वर, अर्ध्या भरलेल्या पेल्यासारखं. कठड्याचे सांधे जुने, कित्येक ठिकाणी चुना गेलेला, बोट जाईल एवढ्या फटी. त्यातून एक थेंब बाहेर आलेला नव्हता. भोवतालची जमीन कोरडी होती. मॅडमनी कठड्याला हात लावून बघितला, खाली बसून फटीतून आत बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"पाणी असं उभं राहू शकत नाही," त्या म्हणाल्या. म्हणाल्या चंद्रभानला, पण सांगत होत्या स्वतःला.

चंद्रभान खुणेपाशी गेला. त्यानं आत बघितलं. पाण्यात आभाळ होतं, एकही ढग नसलेलं, आणि त्या आभाळावर त्याचं प्रतिबिंब. तोंड त्याचंच. अंगात मात्र निळा रेनकोट होता आणि टोपी डोक्यावर ओढलेली होती. रेनकोटावरून पाण्याचे ओघळ चालले होते, जसे पावसात चालतात.

त्यानं टोपा सोडला. पाणी हातभर खाली, लगेच 'टप्' व्हायला हवं होतं. झालं नाही. टोपा पाण्यात अलगद शिरला, जसा तो कुणी तळहातावर झेलावा, आणि टेप खाली जायला लागली. सरसर नव्हे, हळूहळू, एका मापानं, ओढणारा सवयीचा असावा तशी. एक मीटर. दोन. चंद्रभाननं चिमूट आवळली तर चामडी सोलून टेप गेली. पाच पॉइंट पंधरावर, म्हणजे कठडा वजा जाता चार पॉइंट पस्तीसवर, ती थांबली आणि ताणून ताठ झाली.

त्यानं हात सोडला. दोन्ही हात वर करून तो एक पाऊल मागं आला. टेप कुणी धरली नव्हती, तरी ती कठड्यावरून ताठ होती, आणि ती गुंडाळायचं चामड्याचं चाक दगडाला घट्ट टेकून थरथरत होतं. मॅडमनी ते बघितलं. त्या विहिरीकडे, मग त्याच्या मोकळ्या हातांकडे बघत राहिल्या.

"वही द्या मॅडम," चंद्रभान म्हणाला.

"आधी आकडा."

"आकडा नंतर. आधी ती जुनी पानं काढा. मी त्या दिवशी हितं नव्हतो. मी जिंतूरच्या स्टँडासमोर भजे खायलो व्हतो, महारुद्रला इचारा."

"आकडा खरा आहे मामा. मी तुम्हाला दाखवलं."

"आकडा खराच हाय. मी कुठं खोटा म्हनायलो."

"मग माप कुणी घेतलं?"

"ज्यानं घेतलं त्यानं सही केली न्हाई," चंद्रभान म्हणाला. "मी केली. तेवढी माझी सही खोडू द्या. आकडा त्याचा त्याला ऱ्हाऊ द्या."

कठड्यावर चाक एकदा करकरलं. मॅडमनी पिशवीतून वही काढली, चालू वर्षाची नव्हे, ती जुनी. दप्तरातून निघताना त्यांनी ती का बरोबर घेतली होती ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पान काढलं, पेन काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा वही मामांच्या हातात दिली.

चंद्रभाननं ती कठड्यावरच ठेवली, खालच्याला दिसेल अशी. दप्तराच्या नियमाप्रमाणे सहीवर एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं की प्रत्यक्ष माप मी घेतलेलं नाही, आणि तारीख टाकली. चार पॉइंट पस्तीसला हात लावला नाही. सहीची जागा आता मोकळी झाली होती. त्यानं पेन टोपण न लावता वहीवर ठेवलं आणि वाट बघितली. कुणाची ते मॅडमनी विचारलं नाही.

टेप सैल पडली. हळूहळू वर आली, ओली, आणि टोपा पाण्याच्या वर येऊन लोंबला. चंद्रभाननं तो पुन्हा सोडला.

'टप्.'

चिमटीत पॉइंट चाळीस होतं. त्यातून कठड्याचे पॉइंट ऐंशी वजा. त्यानं तीस वर्षांत मारली नव्हती ती हाक मारली, "उणे पॉइंट चाळीस."

मॅडमनी परत म्हटलं. मग दोघांनी कान देऊन बघितलं. खालून काही आलं नाही. पुढचा आकडा नाही, मागचा नाही, साधं घुमणंही नाही. प्रतिबिंबात चंद्रभान आपल्या मळक्या पांढऱ्या शर्टात उभा होता. आणि कठड्याच्या एका फटीतून, बघता बघता, पाण्याची एक बारीक धार बाहेर आली, मग दुसरीतून, मग सगळ्या बाजूंनी. पाणी पाण्यासारखं वागायला लागलं होतं. अर्ध्या तासात ते जमिनीला लागलं.

सरजाबाईनं चहा आणला. तीन कप होते. चंद्रभाननं कठड्याच्या रिकाम्या कडेकडे पाहिलं आणि आपला कप उचलला.

पुढं जे व्हायचं ते झालं. मॅडम नियमाच्या होत्या, त्यांनी नोंद वर कळवली, आणि कळवताना चंद्रभानची माफी मागितली. त्यानं सांगितलं की लिहा, नाहक माझ्यासाठी वही खराब करू नका. त्याला खुलासा मागणारं पत्र आलं. सव्वीस जानेवारीचा सन्मान पाऊस मोजणाऱ्या दुसऱ्या एका माणसाला मिळाला. आबासाहेबांनी विचारायला माणूस पाठवला की उन्हाळ्यात हीर काय म्हणते, तेव्हा चंद्रभाननं कळवलं की मला काही दिसत नाही, कधी दिसत नव्हतं. हरभरा परत मागितला गेला नाही, एवढी माणुसकी आबासाहेबांनी ठेवली. बायको चार दिवस बोलली नाही. खिळा भिंतीत मधोमध तसाच होता.

जानेवारीच्या खेपेला पांगरवाडीला गेले तेव्हा विहीर साधी विहीर होती. तीन पॉइंट दहा, परत तीन पॉइंट दहा, संपलं. चंद्रभान टेप गुंडाळून वळला तर सरजाबाई घरातून काहीतरी हातावर घेऊन येत होती. विहिरीच्या कडेला घडी करून ठेवलेला सापडला म्हणाली, तुमचाच असंल म्हून उचलून ठिवला.

निळा रेनकोट. चंद्रभान त्याला हात लावेना, तेव्हा मॅडमनीच तो घेतला. खिशात हात घातला आणि एक चिठ्ठी काढली. मोजणारे लोक जागेवर आकडा टिपून घेतात तसली, चौकोनी कागदाची. दोन वर्षांमागची तारीख, वेळ अकरा वीस, विहीर क्रमांक एक्केचाळीस, चार पॉइंट पस्तीस. खाली चंद्रभानच्या अक्षरात चंद्रभानची सही. फरक एवढाच की चंद्रभान शेवटी जी रेघ ओढतो ती उजवीकडे जाते. ही डावीकडे गेली होती.

मॅडमनी चिठ्ठी उलटून सुलटून बघितली. मग पिशवीत तेव्हापासून असलेली जुनी वही काढून सहीच्या मोकळ्या रकान्यात ती चिकटवली, आणि दप्तरात परतल्यावर त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. ती वही आजही तिथं आहे. कुणाला बघायची असेल त्यानं खुशाल अर्ज करावा.

रेनकोट चंद्रभान घरी घेऊन आला. टाकवेना आणि घालवेना, तेव्हा त्यानं तो मधल्या खिळ्याला अडकवला, जिथं फ्रेम यायची होती तिथंच. बायको म्हणाली, हे काय ध्यान लावलंय बैठकीत. पण काढला नाही.

वर्षातले बाकीचे दिवस तो गुमान लटकलेला असतो. ऑक्टोबरात मात्र, पाऊस नसला, आभाळ कोरं असलं तरी, एका सकाळी त्याच्या काठावरून पाणी ठिबकायला लागतं. बायको खाली पातेलं ठेवते. चंद्रभान मग कामाला निघण्याआधी पातेल्यात टेपचं टोक बुडवतो, आकडा वाचतो आणि मोठ्यानं हाक मारतो. बायको चुलीपाशी बसून तो परत म्हणते, तिलाही आता सवय झाली आहे. मग तो पिशवी उचलून पांगरवाडीच्या रस्त्याला लागतो. ओढ्याला पूर असला तर काठावर बसून राहतो, दुपार होऊ दे, दुसरा दिवस उजाडू दे. महारुद्र भज्यांचं नाव काढतो. चंद्रभान पलीकडच्या काठावर नजर ठेवून असतो.